शेऱ्याचा रकाना

फेब्रुवारी संपता संपता सोलापुरात ऊन कडक होऊ लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या वाचनालयात पुस्तके साफ करण्याचे काम निघते. वार्षिक तपासणी तोंडावर आलेली असते. दाखल नोंदवही आणि कपाटे यांचा मेळ घालायचा, उसवलेली पुस्तके बांधणीसाठी बाजूला काढायची, अगदीच जीर्ण झालेली निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या गठ्ठ्यात ठेवायची, आणि उरलेल्यांपैकी ज्यांवर वाचकांनी पेन्सिलीने काही लिहिले असेल ती खोडरबराने पुसून घ्यायची, असा तो क्रम असतो. हे शेवटचे काम बहुधा माझ्याकडे येते, कारण माझा हात हलका आहे असे आमच्या ग्रंथपालांचे मत आहे. त्या मताचा मला थोडा अभिमानही आहे, हे कबूल केले पाहिजे. जुन्या कागदावर रबर मागेपुढे घासायचे नसते. बांधणीकडून कडेकडे, एकाच दिशेने, डाव्या हाताची दोन बोटे पानावर दाबून धरत ते फिरवायचे असते, नाही तर पान रबराबरोबर गोळा होऊन येते. निघालेला चुरा फुंकरीने उडवायचा नाही, मऊ ब्रशने बाहेर काढायचा, कारण तो शिवणीत जाऊन बसला की कसरीला आयतीच जागा होते. बावीस वर्षांत मी अशी किती पाने पुसली असतील, याचा हिशेब कोणत्याच नोंदवहीत नाही.

यंदा तिसऱ्या दिवशी माझ्या हाती एक कादंबरी आली. साठेक वर्षांपूर्वीची असावी. तिच्या लेखकाचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, म्हणून मीही इथे घेत नाही. नायक गिरणी कामगार आहे. सत्तेचाळिसाव्या पानावर तो भोंग्याच्या आवाजाने जागा होतो, अंघोळ करतो, चहा घेतो, आईशी दोन शब्द वाकडे बोलतो आणि मग कामाला निघतो. त्या पानाच्या समासात चार वेगवेगळ्या अक्षरांत चार टिपा होत्या. सर्वांत वर, तिरप्या आणि घाईच्या अक्षरात : ‘भोंगा झाल्यावर अंघोळ? मग खाडाच की.’ त्याखाली गोलसर अक्षरात दुसऱ्या कोणी उत्तर दिले होते : ‘हा पहिला भोंगा. शेवटच्याला आत असलं म्हणजे झालं.’ तिसऱ्याने दोघांनाही मागे टाकले होते. त्याने बाण काढून लिहिले होते, ‘मागचं पान बघा. रात्रपाळी करून आलाय. मग सकाळी उठतो कसा?’ मी मागचे पान उलटून पाहिले आणि खरोखरच नायक रात्रपाळीला गेलेला होता. लेखकाच्या, मुद्रितशोधकाच्या आणि त्या काळी या कादंबरीची स्तुती करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली चूक सोलापुरातल्या एका वाचकाने समासात पकडून ठेवली होती. चौथी टीप पानाच्या तळाशी, अगदी फिकट होती. नायकाची बायको त्या प्रकरणात तीन वेळा चहा ओतते आणि एकदाही तोंड उघडत नाही. तिथे कोणी बारीक अक्षरात लिहिले होते, ‘ही बोलत का नाही?’ त्या प्रश्नाखाली कोणीही उत्तर लिहिलेले नव्हते.

मी चारही टिपा पुसल्या. चार-पाच मिनिटांचे काम होते.

समोरच्या बाकावर आमचे एक जुने सभासद वर्तमानपत्र वाचत बसले होते. पूर्वी गिरणीत सायझिंग खात्यात, म्हणजे सुताला खळ देण्याच्या कामावर होते. गिरणी बंद पडल्यापासून रोज दहाच्या ठोक्याला वाचनालयात येतात. ते उठून मेजाजवळ आले आणि वाकून पाहत म्हणाले, “खोडायलाव होय मॅडम?” मी म्हटले, “हो काका, तपासणी आहे.” त्यांनी ब्रशने गोळा केलेल्या काळपट चुऱ्याकडे पाहिले. “आमच्या टायमाला लिहायला दुसरा कागद कुठं होता,” एवढेच म्हणाले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले. त्यांपैकी एखादे अक्षर त्यांचे होते का, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते, असे त्या रात्री वाटले. आणि विचारले नाही तेच बरे झाले, असेही वाटले.

मी देवघेव विभागात काम करते. पुस्तक घेताना माणूस काय बोलतो याला फार किंमत नसते, कारण तेव्हा त्याला घाई असते. पुस्तक परत करताना तो जे बोलतो ते ऐकण्यासारखे असते. “बरं आहे” म्हणजे अर्धे वाचून सोडले. “जड आहे” म्हणजे तीन पानांपुढे गेले नाही. “चांगलं आहे पण शेवट बरोबर नाही केला” म्हणजे रात्री जागून संपवले आणि लेखकावर मनापासून राग आला. एकदा एका निवृत्त मास्तरांनी एक जाडजूड आत्मचरित्र मेजावर ठेवले आणि म्हणाले, “या गृहस्थांच्या आयुष्यात त्यांच्याशिवाय कोणीच नव्हतं काय हो?” त्यानंतर दोनच आठवड्यांनी त्याच आत्मचरित्राचे भले मोठे परीक्षण रविवारच्या पुरवणीत आले. मी ते कात्रण नियमाप्रमाणे कापून फाइलला लावले. त्यात लेखकाच्या व्यापक जीवनानुभवाबद्दल आणि प्रवाही शैलीबद्दल पुष्कळ लिहिले होते, आणि शेवटी ते हमखास वाक्य होतेच : प्रत्येक ग्रंथालयाच्या संग्रही असावे असे पुस्तक. हे वाक्य लिहिणाऱ्यांनी एकदा आमच्या ग्रंथनिवड समितीच्या बैठकीला येऊन बसावे, असे मला फार वाटते. अनुदानाचा आकडा, वाचकांनी मागणीच्या वहीत लिहिलेली नावे आणि ‘संग्राह्य’ ठरलेल्या पुस्तकांच्या किमती यांची बेरीज करताना आमची जी तारांबळ उडते ती पाहिली, तर हा शब्द हातून जरा जपून निघेल. अर्थात मी स्वतःही काही धुतल्या तांदळासारखी नाही. एका स्थानिक दिवाळी अंकासाठी मी एकदा पुस्तक परीक्षण लिहिले होते आणि आज ते वाचले की कानांच्या पाळ्या गरम होतात. ‘वाचनीय’, ‘ओघवती’, ‘मनाचा ठाव घेणारी’, सगळे शब्द जागच्या जागी आहेत. मेजावर रोज ऐकलेल्या शेकडो वाक्यांपैकी एकही त्यात नाही. लिहायला बसले तेव्हा ते बोलणे म्हणजे समीक्षा असते, हे मला सुचलेच नव्हते.

पण म्हणून छापील परीक्षणे कुचकामी आणि पुस्तक कधी कधी नेले ते दाखवणारी, त्यात चिकटवलेली तारीखपट्टी तेवढी खरी, असेही मला म्हणता येत नाही. तारीखपट्टी पुष्कळदा खोटे बोलते. आमच्याकडे एका गृहस्थांनी एकच वैचारिक ग्रंथ वर्षभरात पाच वेळा नेला. मला आदर वाटू लागला होता. पुढे त्यांनीच सांगितले की घरी पाटाची एक बाजू खाली बसते, तिथे तो नेमका बसतो. उलट एक कवितासंग्रह अकरा वर्षे कपाटातून हलला नव्हता, निर्लेखनाच्या यादीत त्याचा क्रमांकही पडला होता. एका समीक्षकाचा जुना लेख वाचून बार्शीहून एक तरुण तो शोधत आला, खाली फरशीवर बसून त्याने तो उभ्या उभ्या वाचावा तसा वाचला आणि नंतर सभासद झाला. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, ही रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेली दोन सूत्रे ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत आम्ही घोकून लिहिली होती. त्या दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ कधी कधी खरोखरच एखादा समीक्षक असतो, हे मी त्या दिवशी फरशीवर बसलेल्या मुलाकडे पाहून शिकले.

समीक्षा या गोष्टीशी माझी पहिली ओळख मात्र वाचनालयात झाली नाही. आम्ही पूर्व भागात एका वाड्यात राहत होतो. शेजारच्या खोलीत एक तेलुगूभाषक आजी होत्या, त्यांना सगळा वाडा अव्वा म्हणे. घरातले पुरुष मागावर आणि अव्वा विड्यांवर, असे ते घर होते. रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने, पत्र्याचा फर्मा, कात्री, मांडीवर सूप आणि सुपाच्या कोपऱ्यात तंबाखूची ढिगी. तो वास आजही कुठे आला की मला सहावीतली दुपार आठवते. अव्वांना वाचता येत नव्हते, मराठी मात्र चांगली समजे. वडिलांच्या कार्डावर आणलेली वाचनालयाची पुस्तके मी त्यांच्या दारात बसून मोठ्याने वाचत असे. सुरुवातीला मला वाटे की मी त्यांची करमणूक करते आहे. पुढे कळले की त्या ऐकताहेत ते फार निराळ्या रीतीने. त्यांची बोटे एका लयीत चालत : पान उचलायचे, तंबाखू पसरायची, वळायचे, टोक दुमडायचे, दोरा. पुस्तक पोकळ असले की लय तशीच राही. वर्णनांची पानेच्या पाने मी वाचत जाई आणि विड्या पडत जात. गोष्टीत काही खरे घडू लागले की हात मंदावे, आणि एखाद्या जागी दोरा बोटांत तसाच धरून त्या थांबत. मी वर पाहिले की म्हणत, “तू वाच, तू वाच.” एकदा एका नायिकेचा शोक मी फार मन लावून, आवाज कापरा करून वाचत होते, हात जराही थांबले नाहीत. “खोटं रडायली ती,” अव्वा म्हणाल्या. “पुढचं वाच.” त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. मोठेपणी ते पुस्तक मुद्दाम काढून पाहिले. नायिका खोटेच रडत होती, म्हणजे लेखक तिला रडवत होता.

हजार विड्यांच्या मजुरीवर ज्यांची संध्याकाळ ठरते त्यांना हात थांबवणे परवडत नाही. त्यामुळे अव्वांचा थांबलेला हात ही मला आजही सर्वांत खर्चिक दाद वाटते. शिवाय त्यांच्या स्वतःच्या कामाची रोज समीक्षा होतच होती. कारखान्यात माल द्यायला गेले की चेकर कट्टे सोडून पाही आणि सैल वळलेल्या, कमी भरलेल्या विड्या बाजूला टाकी. त्याचे कारण तो सांगत नसे. अव्वा घरी आल्या की त्या नापास विड्या उन्हात धरून स्वतः तपासत आणि दर वेळी चेकर चुकला असेही म्हणत नसत.

‘टीका’ हा शब्द आपण आता कसा वापरतो, याचा मी त्या खोडरबराच्या दिवसांत पुष्कळ विचार केला. अमक्याने अमक्यावर टीका केली म्हणजे वाभाडे काढले, असाच अर्थ वर्तमानपत्रात असतो. पण मराठी ज्याला आपला वारसा म्हणून सर्वांत आधी पुढे करते तो शके १२१२ मधला, म्हणजे १२९० चा ग्रंथ मुळात एक टीका आहे. दुसऱ्याच्या ग्रंथाच्या कडेला बसून, त्याचा एकेक श्लोक हातात घेऊन, हे असे का आणि हे तुम्हाला असे समजेल का, हे सांगत ज्ञानेश्वर नऊ हजार ओव्यांपर्यंत गेले. अठराव्या अध्यायात तर काही श्लोकांना अगदी थोड्या ओव्या आणि काहींना भरघोस, असा उघड पक्षपात दिसतो. जिथे हात थांबला तिथे थांबला. आणि पुढच्या तीनशे वर्षांत वाचकांनी काय केले? प्रती उतरवताना त्यांनीही आपापले भर घातले. कोणाला शब्द अवघड वाटला म्हणून त्याने सोपा केला, कोणाला ओवी अपुरी वाटली म्हणून त्याने पुरी केली. समासातले पानात शिरले. मग शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठ ताडून प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवले की यात जो कोणी आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे करवंटी. शाळेत हे शिकताना मला त्या करवंटीचे हसू आले होते. आता त्या ठिकाणी मला एक मेज दिसते आणि मेजावर एक माणूस, ज्याचा हात हलका आहे.

नाथांनी केले ते योग्यच केले, यात मला शंका नाही. त्यांनी पुसले नसते तर आपल्याला मूळ काय ते कधीच कळले नसते. पण पुसल्या गेलेल्या त्या ओव्या कोणाच्या होत्या, कुठल्या गावच्या होत्या, एखाद्या ओवीत कोणी ‘ही बोलत का नाही’ असे काही विचारले होते का, हेही आता कळणार नाही. माझ्या बाबतीत तर तेवढेही समर्थन नाही. छापील पुस्तकात समास समासाच्या जागी असतो आणि मजकूर मजकुराच्या. पेन्सिलीने लिहिणारा वाचक लेखकाच्या वाक्यात घुसत नाही. तो कडेला उभा राहून बोलतो.

कडेला उभे राहून बोलणाऱ्यांचे मराठीत नेहमीच कठीण झाले आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये सुरू झाले आणि नव्या पुस्तकांच्या परीक्षणाला तिथे कायमची जागा मिळाली; १८७४ पासून सात वर्षे, ८४ अंकांत, चिपळूणकरांनी निबंधमालेतून ग्रंथपरीक्षणाला धार दिली. ती धार लोकहितवादींवर आणि जोतीराव फुल्यांवर कशी चालली हे जाणणाऱ्यांना ठाऊक आहेच. १८८५ मध्ये पुण्याला ग्रंथकारांची सभा भरायची होती, तिचे निमंत्रण फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. कोणाच्या ग्रंथाचा विचार कोणी करायचा आणि कोणाला त्या दालनात बसायला सतरंजी आहे, हा त्या पत्रातला प्रश्न आमच्या टीकावाङ्मयाच्या कपाटासमोर उभी राहिले की मला हटकून आठवतो. ते कपाट जिन्याखाली आहे. जागेअभावी आहे, त्यात दुसरा हेतू नाही. पण तिथे दिवा लावल्याशिवाय पुस्तकाचे नाव वाचता येत नाही.

सोलापुरात तर वारसा म्हणजे काय हे ठरवणे आणखी अवघड आहे. वर्गीकरणाच्या हिशेबाने मराठी साहित्य ८९१.४६ ला आणि उर्दू ८९१.४३९ ला, म्हणजे दोघी एका भिंतीला. कन्नड ८९४.८१४ आणि तेलुगू ८९४.८२७, त्या पलीकडच्या भिंतीला. बाजारात एकाच दुकानाच्या फळीवर कोपरे टेकून घासाघीस करणाऱ्या या चार भाषा आमच्याकडे आल्या की त्यांच्यामध्ये चरित्रे, इतिहास आणि पिण्याच्या पाण्याचा माठ येतो. ज्यांच्या नावाने हे शहर ओळखले जाते ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले वचनकार, बसवेश्वरांचे समकालीन. संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात तेव्हा सगळे शहर रस्त्यावर असते, मीही असते आणि हात जोडते. पण ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या नाममुद्रेची त्यांची कन्नड वचने आमच्या मराठी वाचकांपैकी किती जणांनी मागितली, हे मी तारीखपट्टीवर पाहू शकते आणि पाहिले की खिडकीबाहेर बघावेसे वाटते. आपला ग्रामदेव कवी आहे हे आपल्याला माहीत असते. कवी काय म्हणाला, तेवढे राहून जाते. शाहीर राम जोशींचेही तेच. सोलापूरचा हा ब्राह्मण तमाशात गेला म्हणून थोरल्या भावाने त्याला घराबाहेर काढल्याचे सांगतात. पुढे तो संस्कृत शिकून कीर्तनकार झाला आणि मोरोपंतांच्या आर्या त्याने कीर्तनांतून गावोगाव नेल्या. एका कवीने दुसऱ्या कवीला असे गाऊन दाखवणे हे परीक्षणच की. आज राम जोशींचे नाव घ्यायला कोणाला संकोच वाटत नाही, आणि लावणी मागायला आलेला मुलगा मात्र अजूनही आवाज खाली करून मागतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही जुन्या ग्रंथांचे प्रदर्शन मांडले होते. सर्वांत जुनी पुस्तके काचेच्या कपाटात, पांढऱ्या कापडावर, दोन डांबराच्या गोळ्या कोपऱ्यात. दिवसभर लोक आले, फोटो काढून गेले. संध्याकाळी एका बाईंनी त्यातल्या एका पुस्तकाकडे बोट दाखवून विचारले, “हे वाचायला मिळेल का?” मी नाही म्हणाले. पान उलटले तर तुटते, ही वस्तुस्थिती होती. लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद सोलापूरच्या उन्हाळ्यात पापडासारखा होतो. त्याच्याहून शेदीडशे वर्षे जुना दौलताबादी हातकागद मात्र बोटाखाली कापडासारखा वाकतो. हे सगळे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “मग यात काय लिहिलंय ते तरी सांगा.” मला ते माहीत नव्हते. त्याचा दाखल क्रमांक मला तोंडपाठ होता.

आमचे बाइंडर अशा कागदासाठी मैद्याची खळ शिजवतात आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकतात, म्हणजे कसर लागत नाही. या गावात खळ हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो, सुताला आणि पुस्तकाला. ताणा मजबूत व्हावा म्हणून जी देतात तीही खळच. बाइंडरांचे वडील मागावर होते, त्यामुळे खळ किती दाट हवी हे ते बोटावर घेऊन सांगतात, भांड्यात पाहत नाहीत. त्यांच्याकडे मी परवा त्या कादंबरीचा विषय काढला, कारण ती बांधणीलाही द्यायची होती. त्यांनी समासावरून अंगठा फिरवला. “पुसली नसती तरी गेलीच असती,” ते म्हणाले. “बांधणी झाली की तिन्ही कडा कटिंगला घ्यायला लागतात. अर्धी अक्षरं तिथंच जातात.” त्यांच्या यंत्राखाली कागदाच्या लांब पट्ट्यांचा ढीग पडला होता. मी एक पट्टी उचलून पाहिली. तिच्यावर शाईने कोणी लिहिलेल्या शब्दांचे उजवे अर्धे होते : ‘…टतं’, ‘…ही नाही’, ‘…बर बोलला’. मी कटिंग न करता नुसती शिवण आणि पुठ्ठा करायला सांगितले. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण अशा पुस्तकाच्या कडा ओबडधोबड दिसतात आणि नाव त्यांचे खराब होते.

पुस्तक परत आल्यावर मी सत्तेचाळिसावे पान खिडकीपाशी तिरके धरले. तिरप्या उजेडात पेन्सिलीचा दाब दिसतो. भोंग्यावरून भांडणाऱ्या तिघांची अक्षरे बऱ्यापैकी उमटली होती. त्यांनी जोर लावून लिहिले होते. तळाच्या ओळीचे मात्र काहीच उरले नव्हते. जिने, किंवा ज्याने, ते लिहिले त्याचा हात माझ्यापेक्षाही हलका असावा. मी पान बऱ्याच कोनांतून फिरवून पाहिले. मग दाखल नोंदवही काढली.

दाखल नोंदवहीत खोडरबर चालत नाही. तिथे सगळे शाईने लिहायचे असते, चूक झाली तर एक आडवी रेघ मारून बाजूला सही करायची असते. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो सर्वांत अरुंद, आणि त्यात ‘जीर्ण’, ‘गहाळ’, ‘निर्लेखित’ यांपैकी एखादा शब्द सोडून मी इतक्या वर्षांत दुसरे काही लिहिलेले नाही. माझ्या आधीच्यांनीही नाही. मी लिहिले : ‘पृ. ४७, समासात वाचकांच्या चार टिपा होत्या. पैकी चौथी : ही बोलत का नाही?’ रकाना पुरला नाही. मजकूर खालच्या ओळीत, ज्वारीच्या लागवडीवरच्या पुस्तकाच्या शेऱ्यात उतरला. तपासणीच्या दिवशी साहेबांनी बोट ठेवत एकेक नोंद पाहिली. त्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली, मग ज्वारीचे पुस्तक मागवले, त्याचे सत्तेचाळिसावे पान उघडून पाहिले, आणि तिथे काहीच नाही म्हणून माझ्याकडे पाहू लागले.